मांड पक्की होते आहे, पण पदक एकही नाही. घोडेस्वारीचे केंद्र बदलावे का?

प्रश्न : पुणेकर आई

नमस्कार. माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि गेले चौदा महिने ती पुण्याच्या वेशीबाहेरील एका लहान घोडेस्वारी केंद्रात शिकते आहे. केंद्रात अकरा घोडे आहेत, घोड्यांची निगा राखणारे तीन साईस आहेत, मुले तीसेक आहेत आणि घोडदळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उस्ताद म्हणून शिकवतात. आठवड्यातून तीन दिवस आम्ही पहाटे सव्वापाचला घर सोडतो, कारण पावणेसहाला मुलांनी पागेत हजर असलेच पाहिजे, असा तिथला नियम आहे. पहिला अर्धा तास कोणीही घोड्यावर बसत नाही. मुले आपापल्या घोड्याला खरारा करतात, खुरांत अडकलेली माती आणि खडे काढतात, पाठीवर कुठे सूज किंवा ओरखडा आहे का ते हात फिरवून पाहतात आणि मग साईसाच्या देखरेखीखाली खोगीर चढवून तंग आवळतात. रपेट संपल्यावरही घोड्याचा श्वास शांत होईपर्यंत त्याला हाताने धरून चालवायचे असते.

मुलगी आनंदाने जाते, थंडीत आणि पावसातही तिने कधी कंटाळा केलेला नाही. मात्र चौदा महिन्यांत तिला एकही उडी मारू दिलेली नाही. दुडकी चाल तिला चांगली जमते, कॅंटर, म्हणजे दुडक्या चालीपेक्षा वेगाची दौड, दोन महिन्यांपूर्वी सुरू झाले, आणि सध्या जमिनीवर आडव्या ठेवलेल्या लाकडी दांड्यांवरून घोडा दुडक्या चालीने नेण्याचा सराव चालू आहे. दुसरीकडे, माझ्या नणंदेची मुलगी हिच्याच वयाची असून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रात जाते. तिने चार महिन्यांत साठ सेंटिमीटरच्या अडथळ्यांवरून उड्या मारायला सुरुवात केली आणि गेल्या महिन्यात केंद्राकेंद्रांमधील एका स्पर्धेत रौप्यपदकही मिळवले. घरातल्या सगळ्यांनी तिचे कौतुक केले, मीही केले. त्या रात्री माझ्या मुलीने विचारले, "आई, मला नीट येत नाही म्हणून उस्ताद मला उडी देत नाहीत का?" या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

आणखी एक प्रसंग सांगते. मागच्या महिन्यात आमच्या केंद्राने मुलांसाठी घरगुती स्पर्धा ठरवली होती. आदल्या संध्याकाळी तिथली सर्वांत वयस्क घोडी पोटशूळाने आजारी पडली. पशुवैद्य येऊन गेल्यानंतर उस्ताद आणि दोन साईस रात्रभर तिच्याजवळ थांबले आणि सकाळी स्पर्धा रद्द झाल्याचे त्यांनी फाटकातच सांगितले. काही पालक आजी-आजोबांना घेऊन आले होते, ते नाराज होऊन परत गेले. खरे सांगायचे तर मलाही क्षणभर वाईट वाटले.

आता मुलीचे बाबा केंद्र बदलू या असे म्हणतात, कारण खर्च आणि पहाटेची धावपळ दोन्ही ठिकाणी सारखीच आहे. चौदा महिने उडीविना काढणे योग्य आहे का, आणि एखाद्या केंद्राची कामगिरी पालकाने कशावरून ओळखावी, हे जाणकारांनी सांगावे, अशी विनंती आहे.

उत्तर : माजी रिसालदार, सातारा

ताई, मी घोडदळात सव्वीस वर्षे काढली आणि त्यांपैकी नऊ वर्षे नवख्या जवानांना घोड्यावर बसायला शिकवण्यात गेली. तुम्ही जे वर्णन केले आहे ते वाचून मला तुमच्या उस्तादांना भेटावेसे वाटले.

आपल्या भाषेत 'मांड' असा एक फार नेमका शब्द आहे. घोड्यावर बसणे आणि मांड असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याची मांड पक्की असते त्याचे शरीर केवळ तोलावर घोड्याबरोबर राहते. तोल सांभाळण्यासाठी त्याला लगाम ओढून धरावा लागत नाही किंवा गुडघे आवळावे लागत नाहीत. मांड नसलेल्या मुलाला उडीवर नेले की काय होते ते मी शेकडो वेळा पाहिले आहे. घोडा उडी घेताना मान पुढे लांबवतो, त्याच क्षणी स्वार मागे पडतो, पडू नये म्हणून लगामाला लटकतो, आणि लगामाचे लोखंड घोड्याच्या जबड्यावर आदळते. चार-पाच वेळा असे झाले की उडी म्हणजे तोंडाला मार, हे घोडा कायमचे शिकतो. मग तो अडथळ्यापाशी येऊन थांबू लागतो आणि लोक म्हणतात की घोडा अडेल आहे.

साठ सेंटिमीटरचे म्हणाल, तर चांगला शिकवलेला, वयाने मुरलेला घोडा तेवढ्या उंचीवरून पाठीवर पिठाचे पोते बांधले तरी शांतपणे जाईल. म्हणून त्या उंचीला उडी घोड्याने मारली की स्वाराने, हे छायाचित्रात दिसत नाही. त्या मुलीच्या पदकाला मी कमी लेखत नाही; कदाचित तिची मांड उपजतच चांगली असेल, अशी मुले असतात. परंतु चार महिने हा काळ फार थोडा आहे आणि मी असतो तर एवढ्यात उडी मारू दिली नसती.

तुमच्या मुलीला दांड्यांवरून नेत आहेत, हीच उडीची पहिली पायरी आहे, हे तिला अवश्य सांगा. दांड्या ठरावीक अंतरावर मांडलेल्या असतात. घोड्याला त्यांवरून पाय उचलून टाकावे लागतात, त्यामुळे त्याची पाठ जास्त हलते, आणि स्वाराला ती हालचाल कमरेत पचवून हात मात्र स्थिर ठेवावे लागतात. त्यानंतर दोन दांड्यांची लहानशी फुली येते, तिच्यावरून घोडा अर्धा चालत आणि अर्धा उडत जातो. तिथवर पोहोचलेल्या मुलाला पुढची उंची म्हणजे केवळ थोडे अधिक तेच असते.

पुढच्या वेळी तुम्ही कठड्यापाशी उभ्या राहून फक्त तिचे हात पाहा. दुडक्या चालीत घोडा खालीवर होत असताना तिच्या मुठी घोड्याच्या मानेच्या संदर्भात जागच्या जागी राहतात का? रिकिबीतून पाय काढून उस्ताद तिला लांब दोरीवर, म्हणजे लंजवर, गोल फिरवतात का, आणि तसे फिरताना ती हात पसरून बोलू शकते का? पुढचा घोडा अचानक थांबला तर ती ओरडते, की शांतपणे आपला घोडा वळवते? या तीन गोष्टी होत असतील तर चौदा महिने सत्कारणी लागले आहेत.

स्पर्धेतला मोठा पराक्रम कसा उभा राहतो याचे एक उदाहरण देतो. आशियाई क्रीडास्पर्धांत अश्वक्रीडा पहिल्यांदा आली तीच मुळी १९८२ साली दिल्लीत. त्या वर्षी रघुबीर सिंग यांनी शहजादा या घोड्यावर इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळवले, त्यांच्यासह चौघांच्या संघानेही सुवर्ण मिळवले, आणि भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतील मेख उचलण्याच्या प्रकारात रुपिंदर सिंग ब्रार सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. इव्हेंटिंगमध्ये एकाच घोड्याला तीन परीक्षा द्याव्या लागतात. आधी रिंगणातील शिस्तबद्ध चाली म्हणजे ड्रेसाज, मग मोकळ्या रानातील दौड, आणि शेवटी पुन्हा रिंगणात येऊन अडथळे. रानात जीव तोडून धावणाऱ्या घोड्याने आदल्या दिवशी नुसत्या कमरेच्या इशाऱ्यावर थांबावे लागते. आमच्या पिढीने हे सारे ऐकत आणि पाहत शिकून घेतले, आणि त्याची सुरुवात रिकिबीविना लंजच्या दोरीवरच झाली.

एक मात्र सांगतो. चौदा महिन्यांत तुमच्या उस्तादांनी तुम्हाला किंवा मुलीला पुढचा बेत समजावून सांगितलेला नसेल, तर ती त्यांची चूक आहे. आम्ही फौजेतली माणसे हुकूम देतो, कारण सांगत नाही. तुम्ही सरळ जाऊन विचारा, ते रागावणार नाहीत.

उत्तर : नाशिकचा एक बाबा

मी दुसऱ्या बाजूचा अनुभव लिहितो, कारण आमच्या घरात पदके आधी आली आणि मांड नंतर.

माझ्या मुलाला आम्ही दहाव्या वर्षी एका केंद्रात घातले. त्या केंद्राचे नाव मी लिहीत नाही. तिसऱ्या महिन्यात उड्या, सहाव्या महिन्यात पहिली स्पर्धा, आणि दीड वर्षात सात पदके. दिवाणखान्यात त्यांच्यासाठी वेगळी फळी करून घेतली होती. त्या पदकांचे गणित मला पुष्कळ उशिरा समजले. शो जंपिंगमध्ये एक दांडी पडली की चार दोषगुण, घोडा अडला की पुन्हा चार, आणि स्वार पडला की तो बाद. माझ्या मुलाला एका स्पर्धेत सोळा दोषगुण असूनही कांस्य मिळाले, कारण त्या गटात स्पर्धकच तीन होते. सातांपैकी निदान तीन पदके अशा गटांतली होती. त्यात केंद्राने काही खोटे केले असे नाही, परंतु आम्हाला ते कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

बारा वर्षांचा असताना ऐंशी सेंटिमीटरच्या अडथळ्यासमोर घोडा अडला आणि मुलगा त्याच्या मानेवरून पुढे फेकला गेला. मनगट दोन ठिकाणी मोडले. हेल्मेट चांगले होते म्हणून डोके वाचले. ते हेल्मेट आम्ही लगेच टाकून दिले, कारण एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून अभंग दिसले तरी पुन्हा वापरू नये. नंतर साईसाकडून कळले की तो घोडा त्या दिवशी सहा मुलांनी वापरला होता. रिसालदार साहेबांनी वर जे लिहिले आहे, ते मला त्या दिवशी माहीत असते तर मी अडलेल्या घोड्याला दोष दिला नसता.

हात बरा झाल्यावर आम्ही केंद्र बदलले. नव्या ठिकाणी सात पदके मिळवलेल्या मुलाला पाच महिने लंजच्या दोरीवर, रिकिबीविना, आठ-आठ वर्षांच्या मुलांबरोबर फिरवले. त्याला ते फार जड गेले, दोनदा त्याने सोडून द्यायची भाषा केली. आज तो सोळा वर्षांचा आहे, दुसऱ्याच्या अनोळखी घोड्यावर बसूनही मीटरभर उंचीच्या अडथळ्यांची फेरी नीट पुरी करतो. पदके आता कमी येतात. तुम्ही केंद्र बदलणारच असाल, तर तिथल्या भिंतीवरच्या प्रत्येक पदकामागे त्या गटात किती जण होते आणि मुलाचे दोषगुण किती होते, एवढे विचारून या.

उत्तर : घोड्यांचा डॉक्टर

ताई, पशुवैद्य म्हणून मी थोरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या, घोड्यांमध्ये आणि नंतर खासगी केंद्रांमध्ये काम केले आहे. तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची माहिती रद्द झालेल्या स्पर्धेची आहे, असे मला वाटते.

घोड्याला उलटी होऊ शकत नाही. त्याच्या प्रचंड शरीराच्या मानाने जठर लहान, आणि मोठे आतडे मात्र लांबलचक, अनेक ठिकाणी वळलेले व काही ठिकाणी एकदम अरुंद झालेले असते. पाणी कमी पडले, चारा अचानक बदलला, वाळू पोटात गेली किंवा दातांमुळे चावणे नीट झाले नाही, तर तिथे चारा अडकतो, आणि पोटशूळ सुरू होतो. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून वळून कुशीकडे पाहतो, घाम फुटतो, आणि वेदनेने लोळू लागतो. पहिल्या तासात कोणाच्या लक्षात आले तर बहुतेक घोडे वाचतात. रात्रभर लक्षात आले नाही तर सकाळी फारसे काही करता येत नाही. उपचारानंतरही दुखणे उलटू शकते, म्हणून रात्रभर पहारा लागतो. ज्या केंद्रात संध्याकाळी घोडीचे दुखणे ओळखले गेले, पशुवैद्य वेळेवर आला आणि माणसे तिच्याजवळ जागली, त्या केंद्रात घोड्यांकडे रोज पाहणारी माणसे आहेत. दुसऱ्या दिवशी त्याच थकलेल्या माणसांच्या भरवशावर तीस मुलांना घोड्यांवर चढवणे धोक्याचे झाले असते. मी त्या उस्तादांच्या जागी असतो तर हेच केले असते.

केंद्र पाहायला जाल तेव्हा स्वारीच्या वेळी जाऊ नका. दुपारी दोन-तीनच्या सुमारास, न कळवता जा आणि थेट पागेत शिरा. पाण्याची टाकी भरलेली आणि स्वच्छ आहे का ते पाहा, कारण मोठा घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो, वैशाखात त्याहूनही जास्त. समोर गवत किंवा कडबा आहे, की दोन वेळचा खुराक टाकून मधले दहा तास तो उपाशी उभा आहे? नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी येतो का? खोगिराखालची पाठ, तंगाची जागा आणि ओठांचे कोपरे जखमांशिवाय आहेत का? माणूस आत आल्यावर घोडा कान पुढे करून पाहतो, की कान मागे पाडून भिंतीकडे तोंड फिरवतो, यावरून तर मला वहीतल्या नोंदींपेक्षा जास्त कळते. नोंदवहीही मागा. कोणता घोडा दिवसात किती तास चालला, हे लिहून ठेवणारे केंद्र सहसा घोड्याला राबवून मारत नाही.

आपल्या पुण्या-मुंबईकडे एक वेगळी अडचण आहे. पुण्यात पावसाळ्यात आणि मुंबईत हिवाळ्यात शर्यतींचा हंगाम असतो, आणि शर्यतीतून बाद झालेले थोरोब्रेड घोडे स्वस्तात मिळतात. सहा-सात वर्षांच्या अशा घोड्याला पुढे वीस वर्षांचेही आयुष्य असू शकते, आणि धीराने शिकवला तर तो उत्तम स्वारीचा घोडा होतो; परंतु आधी त्याला सरळ रेषेत पळण्यापलीकडे फारसे काही शिकवलेले नसते. त्याला वर्षभर वेळ न देता आठवड्याभरात मुलांच्या वर्गात उभे करणारी केंद्रे मी पाहिली आहेत. तिथे पडणाऱ्या मुलांची संख्या जास्त असते, आणि दोष मुलांचा नसतो.

धनुर्वाताची लस घोड्याला आणि मुलांना, दोघांनाही दिलेली असावी. पागेतील माती धनुर्वाताच्या जंतूंचे घर असते आणि घोडा त्या रोगाला फार लवकर बळी पडतो. नवा घोडा आणताना ग्लँडर्सची रक्तचाचणी झाली आहे का, हेही विचारा. तो रोग माणसालाही होतो आणि घोड्यात त्यावर उपचार केले जात नाहीत.

उत्तर : महालक्ष्मीची जुनी विद्यार्थिनी

वरील तिघांचे म्हणणे मला पटते, तरीही एका बाबतीत मी वेगळे मत मांडते. पदकाला महत्त्व नाही, असे दहा वर्षांच्या मुलीला सांगू नये. तिने आईला रात्री विचारलेला प्रश्न खरा आहे. कोणी बाहेरच्या माणसाने आपले काम पाहावे आणि त्याला गुण द्यावेत, ही इच्छा वाईट नाही.

मी मुंबईत महालक्ष्मी घोडमैदानावरील अमॅच्युअर रायडर्स क्लबमध्ये शिकले. तो क्लब १९४२ सालचा आहे. मला पहिली स्पर्धा दोन वर्षांनी मिळाली, आणि ती उड्यांची नव्हती, ड्रेसाजची होती. वीस मीटर रुंद आणि चाळीस मीटर लांब असे रिंगण, त्याच्या कडेने रोमन अक्षरांच्या पाट्या, आणि कोणत्या अक्षरापाशी कोणती चाल सुरू करायची ते आधीच ठरलेले. परीक्षक प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण देतो आणि शेजारी एक ओळ लिहितो. मला एकंदर त्रेपन्न टक्के मिळाले आणि क्रमांक शेवटून दुसरा आला. पण 'वर्तुळ अंड्यासारखे झाले आहे, बाहेरचा पाय वापरा' अशी ओळ लिहिलेला तो कागद आजही माझ्याजवळ आहे, कारण त्या एका ओळीवर मी पुढचे तीन महिने काम केले.

उडीत घोडा स्वाराच्या चुका पोटात घालतो, ड्रेसाजमध्ये सगळे उघडे पडते. तुमच्या मुलीला दुडकी चाल आणि थोडे कॅंटर येत असेल, तर प्राथमिक पातळीची ड्रेसाज चाचणी तिला आजच देता येईल, त्यासाठी उडीची वाट पाहण्याचे कारण नाही. तुमच्या उस्तादांनी हा विचार केला नसेल, कारण आपल्याकडे ड्रेसाज म्हणजे मोठ्यांचा, महागड्या घोड्यांचा प्रकार, अशी समजूत फार वर्षे होती.

ती समजूत २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेने बदलायला हवी होती. सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा यांच्या संघाने २०९.२०५ गुण मिळवून ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण जिंकले. रिसालदार साहेबांनी सांगितलेल्या १९८२ नंतर अश्वक्रीडेतले हे पहिलेच सुवर्ण, म्हणजे मध्ये ४१ वर्षे गेली. अनुषने वैयक्तिक कांस्यही मिळवले आणि २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक ड्रेसाजमध्ये उतरणारा तो पहिला भारतीय ठरला. या सर्वांना युरोपात राहून सराव करावा लागला, ही गोष्ट खरी आहे आणि ती मुलांपासून लपवू नये. पण लगाम पहिल्यांदा त्यांनी इथल्याच केंद्रांत हातात धरला.

उत्तर : घोड्यांचा डॉक्टर

युरोपाचा उल्लेख आला म्हणून एक छोटी भर घालतो. केवळ पैसा किंवा प्रशिक्षक एवढेच त्याचे कारण नाही. आपल्याकडील घोडे आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी बाहेर नेताना रोगमुक्तीच्या अटी आडव्या येतात, आणि इथेच इतकी वर्षे घोडे पेंड खात होते. मीरतच्या लष्करी रिमाउंट व्हेटर्नरी कोअर केंद्रातील आवाराला २०२५ मध्ये जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने घोड्यांसाठी रोगमुक्त कक्ष म्हणून मान्यता दिली आहे. इथे वाढलेल्या घोड्यावर बसून परदेशात स्पर्धा खेळण्याची वाट त्यामुळे हळूहळू मोकळी होईल, आणि आजच्या दहा वर्षांच्या मुलांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे.

उत्तर : इंदापूरकर

आमचे घराणे मेंढपाळांचे. बिऱ्हाड आणि लहान मुले तट्टांवर लादून वाट चालणे आमच्या आजोबांपर्यंत दरवर्षीचे होते, त्यामुळे थोडे लिहावेसे वाटले. एवढ्याशा मुलीला उंच थोरोब्रेडवर का बसवतात, हा मला नेहमी पडणारा प्रश्न आहे. मुलीचे पाय खोगिराच्या पाखरीखालीही पोहोचत नाहीत, मग ती टाचेचा इशारा देणार कुठे?

आपले भीमथडीचे तट्टू उंचीने कमी, हाडापेराने काटक, खुरांनी कठीण आणि स्वभावाने समजूतदार असते. मराठ्यांच्या घोडदळाने याच जातीवर लांबच्या मजला मारल्या. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंदणी केली आहे. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी अशा आधीच्या सात जातींनंतरची ती आठवी. पुण्यापासून अडीच-तीन तासांवर ही जनावरे आहेत. केंद्रांनी दोन-तीन चांगली तट्टे मुलांसाठी निवडून शिकवली, तर मुलांची मांड लवकर बसेल आणि पाळणाऱ्या धनगरालाही ती विकून टाकावीशी वाटणार नाहीत. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारात उंच, देखण्या घोड्यांभोवती गर्दी असते आणि यांना कोणी विचारत नाही, हे पाहून जीव तुटतो.

उत्तर : पुणेकर आई

आपण सर्वांनी एवढा वेळ काढून लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. डॉक्टर साहेबांच्या सांगण्यावरून मी काल दुपारी अडीचला, न कळवता, आधी आमच्या आणि मग दुसऱ्या केंद्रात गेले. दुसऱ्या केंद्राबद्दल इथे लिहीत नाही. आमच्या पागेत सगळ्यांसमोर गवत होते आणि साईस एका घोड्याच्या पायाला थंड पाण्याची पट्टी करत बसला होता. नोंदवही मागितल्यावर उस्तादांनी ती लगेच दिली. कोणत्याही घोड्याचे दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त काम त्यात दिसले नाही, आणि पोटशूळातून उठलेल्या घोडीपुढे गेले चोवीस दिवस 'फक्त चालणे' असे लिहिले होते.

मग आज सकाळी रिसालदार साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी फक्त मुलीचे हात पाहिले. दांड्यांवरून जाताना ते हलत नव्हते. वर्ग संपल्यावर मी उस्तादांना बेत विचारला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग मुलीलाच बोलावून म्हणाले, "बेटा, तुला उडी येत नाही म्हणून थांबलो नाही. हा घोडा तुझ्या हातावर भरवसा ठेवायला लागला की त्याच दिवशी फुली लावीन, आणि तो दिवस आता फार लांब नाही." भीमथडीच्या तट्टांचा विषयही काढला. दोन तट्टे पाहायला इंदापूरकडे यायची त्यांची तयारी आहे, तेव्हा इंदापूरकर दादांनी कोणत्या महिन्यात यावे ते कळवावे.

ड्रेसाज चाचणीची कल्पना त्यांना आवडली. रद्द झालेल्या स्पर्धेऐवजी पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी चुन्याच्या रेषा आखून वीस बाय चाळीसचे रिंगण करायचे ठरले आहे आणि परीक्षक बाहेरून बोलावणार आहेत. मुलीने घरी येताच पुठ्ठ्यांवर अक्षरे रंगवायला घेतली. सध्या दिवाणखान्यातील सतरंजीभोवती आठ पाट्या मांडून ती पायीच सगळ्या चालींचा क्रम पाठ करते आहे, आणि तिचे बाबा सोफ्यावर बसून तिला गुण देत आहेत.